पिकअपच्या हौद्याला अस्तर : कारागिराकडून की घरच्या घरी?



ऊस, खत आणि पाणी यांवर या पानांतून नेहमीच लिहिले जाते. या खेपेला विषय जरा निराळा घेतला आहे, पण तोही शेतीच्या खर्चातलाच आहे. टाटांची ‘एस’ गाडी २००५ साली बाजारात आली आणि लोकांनी तिचे नाव ‘छोटा हत्ती’ पाडले. तेव्हापासून लहान मालगाड्यांची संख्या खेड्यापाड्यांत वाढतच गेली. आज पुष्कळ सभासदांच्या दारात ट्रॅक्टरशेजारी एखादी पिकअप उभी दिसते. उसाचे बेणे, खताची पोती, दुधाचे कॅन, मार्केटला जाणारी भाजी, ठिबकच्या नळ्या, कधी सिमेंट तर कधी प्रेसमड, हे सगळे त्या एकाच हौद्यातून जाते.

गाडी बहुधा कर्जावर घेतलेली असते. इंजिनाचे ऑइल आपण वेळेवर बदलतो, टायरकडे लक्ष देतो. हौद्याच्या तळाकडे मात्र खालचा रस्ता दिसायला लागेपर्यंत कुणी बघत नाही. हप्ते फिटायच्या आधीच तळ गेला तर विकताना भाव पडतो, आणि नवा तळ मारून घ्यायचा तर गाडी ऐन कामाच्या दिवसांत गॅरेजला अडकते. म्हणून हौद्याला अस्तर करावे असे अलीकडे बरेच जण म्हणू लागले आहेत. पुढचा प्रश्न ठरलेला असतो : हे काम बाहेरून करून घ्यायचे, की डबा आणून घरीच करायचे?

आमचे मत आधीच सांगतो. अस्तर टिकते ते डब्यातल्या मालावर कमी आणि खालचा पत्रा कसा तयार केला यावर जास्त. कारागीर ही तयारी नीट करणार असेल तर त्याला द्यावयाचे पैसे योग्य आहेत. तो करणार नसेल तर घरी केलेले काय वाईट? आणि ती तयारी आपल्याकडूनही होणार नसेल, तर अस्तर न केलेले बरे. हे असे का, ते आता पाहू.

पत्रा सडतो कशाने

लोखंडाला गंज चढायला पाणी आणि हवा एवढे पुरते. त्यात मीठ किंवा आम्ल मिसळले की कामाला वेग येतो, आणि आपल्या हौद्यात या दोन्ही गोष्टी भरपूर असतात. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. त्यात वजनाने निम्म्याच्या आसपास क्लोराइडच असते. मिठात लोखंडाला खाणारा जो घटक, तोच हा. पोते फाटून मूठभर पोटॅश तळाच्या नालीत सांडले की ते हवेतले पाणी ओढून घेते आणि ऊन पडले तरी ती जागा ओलसर राहते. युरियाचेही तेच, तोही पाणी धरतो. उसाच्या कांड्यांचा रस तळाला चिकटला तर तो आंबून आम्ल तयार होते. प्रेसमड ओला असतो आणि कोपऱ्यांत घट्ट बसतो.

पत्रा वरून खरवडला जातो हे आपल्याला दिसते. फावडे, कॅनचे बूड, पंपाचा पाया यांनी रंग उडतो. पण खरा सडा सुरू होतो तो सांध्यात, नालीत, फाळक्याच्या बिजागरीखाली आणि बोल्टच्या डोक्याभोवती. पाणी जिथे साचते तिथे. कंपनीने पाणी जाण्यासाठी ठेवलेली भोके मातीने बुजलेली असली तर मग बोलायलाच नको.

लोक काय काय करतात

जुन्या लोकांचा उपाय म्हणजे तळाला जळके ऑइल फासणे. गंज थोडा थोपतो हे खरे. पण त्या ऑइलात आरोग्याला घातक पदार्थ असतात आणि त्याच हौद्यात आपण भाजी व वैरण टाकतो. हे बंद करावे. डांबर फासणारेही आहेत. ते उन्हात मऊ होते, पोती चिकटतात आणि वास जाता जात नाही.

दुसरा उपाय जाड चेकर पत्रा मारण्याचा. मजबुतीला याला तोड नाही, दगड-विटा वाहणाऱ्याला तोच ठीक. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. एक वजन. ८ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद तळ धरला तर ४४ चौरस फूट, म्हणजे ४ चौरस मीटरहून थोडा जास्त होतो. एक मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा दर चौरस मीटरला ७.८५ किलो भरतो. तेव्हा ३ मिलिमीटरचा पत्रा झाला सुमारे ९६ किलो, आणि वरच्या नक्षीचे वजन धरून शंभरच्या घरात. डीएपीची दोन पोती कायमची गाडीत ठेवून फिरल्यासारखेच हे झाले. भरल्या गाडीचे एकूण वजन कायद्याने ठरलेले आहे, तेव्हा तेवढा माल कमीच भरावा लागणार. दुसरी गोष्ट वेल्डिंगची. वरून वेल्डिंग मारले की मूळ पत्र्याच्या खालच्या बाजूचा रंग जळतो, आणि तिथून गंज वर चढतो. दोन पत्र्यांच्या मध्ये शिरलेले पाणी तर बाहेर येतच नाही.

तिसरा उपाय रबरी मॅटचा, किंवा कन्व्हेयरचा जुना पट्टा भंगारातून आणून अंथरण्याचा. स्वस्त, कॅन घसरत नाहीत, आदळआपट सोसतो. हा उपाय आम्हाला आवडतो, पण एका अटीवर. मॅट सुटी पाहिजे आणि आठ-पंधरा दिवसांनी उचलून खालचा तळ धुऊन वाळवला पाहिजे. अंथरली आणि विसरली, तर वरून कीर्तन आणि आतून तमाशा. बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या तयार हौद्याचेही तसेच. गाडी हलते तसे ते प्लॅस्टिक पत्र्यावर घासून खालचा रंग काढते, पाणी आत कोंडते, वर माल घसरतो तो वेगळाच.

चौथा उपाय चिकटणाऱ्या अस्तराचा, आणि खरा वाद याच्याबद्दलच आहे. हे अस्तर पॉलियुरेथेन किंवा पॉलियुरिया जातीचे असते. पॉलियुरेथेनचा शोध जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली लावला. फोम, चपलांचे तळवे, व्हार्निश अशा शंभर जागी ते आज आपल्या घरात आहे. पिकअपच्या हौद्यावर ते फवारण्याचा धंदा मुख्यत्वे अमेरिकेत वाढला, आणि हल्ली आपल्याकडच्या शहरांतही अशी दुकाने दिसू लागली आहेत. हे पत्र्याला चिकटते. मध्ये पाणी शिरायला जागा उरत नाही, हाच त्याचा मोठा गुण. पण चिकटले तरच.

कारागीर कशाचे पैसे घेतो

कारागीर म्हणवणाऱ्यांत दोन जाती आहेत, हे आधी ओळखावे. पहिल्याकडे खास यंत्र असते. दोन द्रव वेगवेगळ्या टाक्यांतून साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवून मोठ्या दाबाने बंदुकीच्या तोंडाशी मिसळतात आणि पत्र्यावर पडताच काही सेकंदांत घट्ट होतात. त्यामुळे दोन-तीन मिलिमीटरचा थर एका बैठकीत चढतो, उभ्या बाजूवरून ओघळत नाही. हे काम साध्या कॉम्प्रेसरवर होत नाही आणि घरी होण्यासारखे तर मुळीच नाही.

दुसरा कारागीर म्हणजे आपला डेंटर-पेंटर. तो बाजारातला तोच डबा आणतो जो तुम्ही आणाल, आणि साध्या गनने मारतो. यात वाईट काही नाही, त्याचा हात बसलेला असतो. परंतु अशा वेळी आपण यंत्राचे पैसे देत नसून त्याच्या मेहनतीचे देत आहोत, हे समजून बोलणी करावी.

दोघांनाही विचारायचे प्रश्न मात्र एकच. गंज काढणार कशाने, ग्राइंडरने की नुसत्या पॉलिश पेपरने? फाळका आणि बोल्ट सोडवून काढणार का? प्राइमर कोणता? थर किती मिलिमीटरचा, आणि तो मोजून दाखवणार का? पाण्याची भोके उघडी राहतील ना? दोन वर्षांपूर्वी केलेली एखादी गाडी दाखवता येईल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आले नाही तर घाई करू नये. नवे अस्तर सगळेच काळेभोर आणि देखणे दिसते. हमी लेखी घ्यावी आणि वाचावी. अस्तर सुटले तर हमी, कापले गेले तर नाही, असे बहुधा त्यात असते. कापले कुणी हा वाद नंतर होतो.

एक सोपी परीक्षा सांगतो. वीतभर पत्र्याच्या तुकड्यावर त्याच मालाचा नमुना मारून मागावा. आठवड्याने त्यावर ब्लेडने उभ्या-आडव्या रेघा मारून चौकडी पाडावी, वर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्याने ओढावी. चौकोन पट्टीबरोबर निघून आले तर काय समजायचे ते समजा. त्याच तुकड्याची जाडी व्हर्नियरने मोजता येते. पत्र्याची वजा केली की थराची उरली.

घरी करायचे तर

डबा विकणारा म्हणतो, ‘दोन तासांत काम होतं.’ रंग लावायला दोन तास लागतात हे खरंच आहे. त्याच्या आधीचे दोन दिवस तो सांगत नाही.

आधी हौदा रिकामा करून साबणाच्या पाण्याने ब्रश मारून धुवावा. कोपऱ्यांतले खत आणि माती खिळ्याने उकरून काढावी. धुतल्यावरही खताचा अंश राहतोच, म्हणून साध्या पाण्याने दोन वेळा पुन्हा धुवावे. पूर्ण वाळल्यावर थिनरने पुसावे. त्यासाठी दोन फडकी घ्या, एक ओले आणि त्याच्यामागून लगेच एक कोरडे, आणि ती बदलत राहा. एकाच मळक्या फडक्याने पुसले तर तेल निघत नाही, नुसते पसरते. थिनरऐवजी पेट्रोल वापरू नये, आणि जवळपास विडी-काडी नको हे सांगायला नकोच.

तेल गेले की नाही ते पाहायला पाणी शिंपडून बघा. पाण्याचे मणी होऊन उभे राहिले तर तेल आहे. पाणी सपाट पसरले तर पत्रा स्वच्छ. मग तो पुन्हा वाळवावा.

गंजाची जागा ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासावी. नुसते पापुद्रे काढून वर रंग मारला तर गंज खाली चालूच राहतो. वर्षभरात फोड येतात. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने ठोकून बघा. टोक आत गेले तर ती जागा अस्तराची नाही, ती वेल्डरची. चांगला असलेला कंपनीचा रंग काढायचा नाही, फक्त ८० नंबरच्या पेपरने चमक मारून खरखरीत करायचा. ही चमक राहिली तर अस्तर एके दिवशी चादरीसारखे उचलून येते. घरच्या कामांत सर्वांत जास्त फसगत इथेच होते.

उघड्या पत्र्यावर प्राइमर हवा. आपल्याकडे प्राइमर म्हटले की रेड ऑक्साइड. पण साधा रेड ऑक्साइड पॉलियुरेथेनमधल्या कडक थिनरखाली मऊ पडून सुरकुततो आणि सगळा थर घेऊन सुटतो. इथे दोन डब्यांचा इपॉक्सी प्राइमर घ्यावा. तो महाग आहे, पण बिघडलेले अस्तर खरवडून काढणे त्याहून महाग आहे.

हंगामही पाहावा. पॉलियुरेथेनला पाणी लागले की त्यातून वायू सुटतो आणि थरात बुडबुडे व बारीक छिद्रे राहतात. तेव्हा पावसाळ्यात हे काम करूच नये. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचे दिवस चांगले, मात्र सकाळी पत्र्यावर दव असते, ते उडून पत्रा कोमट होईपर्यंत थांबावे. वैशाखात दुपारी पत्रा चटका बसण्याइतका तापतो, तेव्हाही नको, रंग पसरण्याआधीच वाळतो. सावलीत पण उघड्यावर करावे.

आधी ब्रशने नाल्या, कोपरे आणि सांधे भरून घ्यावे, मग रोलर फिरवावा. एकच जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात. दोन हातांमधला वेळ डब्यावर लिहिलेला असतो. तो उलटून गेला तर पुढचा हात देण्यापूर्वी हलका पेपर मारावा. शेवटचा हात ओला असतानाच कडेची चिकटपट्टी ओढून काढावी, वाळल्यावर ओढली तर कडा उचकटते. हाताला कोरडे लागले म्हणजे झाले असे नाही. जड माल साधारण तीन दिवस, आणि खत किंवा भाजी आठवडाभर तरी घालू नये.

एक गोष्ट जरा थांबून सांगावीशी वाटते. या मालात आयसोसायनेट नावाचे रसायन असते. भोपाळला १९८४ च्या डिसेंबरात जो विषारी वायू सुटला तो याच कुळातला. पेंटमधला पदार्थ तो नव्हे, हेही लगेच सांगतो, म्हणजे कुणी उगीच घाबरायला नको. तरीपण पेंटमधल्यानेही दमा जडतो, आणि एकदा शरीराने त्याची धास्ती घेतली की पुढे थोड्याशा वासानेही श्वास कोंडतो. नाकाला रुमाल किंवा धुळीचा मास्क बांधून हे अडत नाही. म्हणून घरी करायचे तर ब्रश-रोलरनेच, उघड्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून. गनने फवारणी घरी करू नये. बंद शेडमध्ये तर नाहीच, आणि पोरांना जवळ उभे करू नये. दम्याचा त्रास असलेल्या माणसाने हे काम दुसऱ्यावर सोपवावे. आणि कारागिराकडे पोरगा मास्कशिवाय फवारताना दिसला, तर त्या दुकानाच्या कामाचीही कल्पना यावी.

डब्याचा हिशेब

१ लिटर रंग १ चौरस मीटरवर पसरला तर ओल्या थराची जाडी बरोबर १ मिलिमीटर होते. हे लक्षात ठेवले की कुणी फसवू शकत नाही. वर धरलेला हौदा बाजूंसह (उंची सव्वा फूट धरून) ७८ चौरस फूट, म्हणजे सव्वासात चौरस मीटरच्या आसपास होतो. ‘४ लिटरमध्ये पूर्ण हौदा’ असे दुकानदार म्हणाला, तर ओला थर झाला अर्धा मिलिमीटर किंवा जरासा जास्त. त्यातला थिनर उडून जातो. समजा शंभरातले पासष्ट भाग उरतात, तर वाळलेला थर राहिला मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. याला अस्तर कसले म्हणायचे? हा जाडसर रंगच झाला. वाळून १ मिलिमीटर उरायला हवा असेल तर त्याच मालाचे ११ लिटर लागतील. यंत्राने केलेला अडीच मिलिमीटरचा थर सगळ्या हौद्याला मिळून २० किलोच्या आत-बाहेर भरतो, चेकर पत्र्याच्या पाचव्या हिश्शाएवढा.

आता खर्चाची तुलना करताना घरच्या बाजूला ११ लिटर धरा, ४ नव्हे. त्यात इपॉक्सी प्राइमर, थिनर, पेपर, तारेचे ब्रश, दोन माणसांची दोन दिवसांची मजुरी आणि आठवडाभर गाडी उभी राहिल्याने बुडालेले भाडे घाला. मजुरी घरचीच आहे म्हणून ती शून्य धरायची नाही. त्या दोन दिवसांत पाटाचे पाणी कोण बघणार, हाही हिशेबच आहे. असे मांडले की दोन्ही रकमांतले अंतर वाटले होते त्यापेक्षा बरेच कमी निघते. मग त्या अंतराला थराच्या जाडीने तोलून पाहावे.

कोणी काय करावे

गाडी नवी आहे, रंग शाबूत आहे, रोज दूध किंवा भाजी आणि हंगामात खत वाहायचे आहे, ती सात-आठ वर्षे वापरायची आहे : अशा सभासदाने यंत्राने फवारणाऱ्या खात्रीच्या कारागिराकडे जावे. नव्या पत्र्यावर तयारी कमी लागते आणि अस्तराचा पुरा फायदा मिळतो. गंज लागल्यावर जाणाऱ्याला तेच काम महाग पडते.

गाडी जुनी आहे, तळाला खड्डे आहेत, दोन-तीन वर्षांत बदलायची आहे, तर घरीच करावे. तेही नीट घासून, इपॉक्सी प्राइमर आणि दोन हात रोलर. वर सुटी मॅट टाकली की पुरे. अशा गाडीवर मोठा खर्च करू नये, विकताना त्याचे पैसे कुणी देत नाही.

प्रेसमड, शेणखत किंवा वाळू फावड्याने ओढून काढणाऱ्यांना एक सूचना. रबराच्या दाण्यांचे खरखरीत अस्तर कॅन आणि क्रेट धरून ठेवायला उत्तम, पण त्यावरून फावडे सरकत नाही आणि ओला माल दाण्यांत अडकतो. त्यांनी गुळगुळीत अस्तर मागावे, किंवा सरळ चेकर पत्रा, मात्र वेल्डिंगऐवजी बोल्टने बसवलेला आणि खालून रंगवलेला.

उसाच्या ट्रॉलीला असले महाग अस्तर नकोच. तिच्यावर मोळ्या आपटतात, साखळदंड ओढले जातात, कुठलेच अस्तर तिथे टिकत नाही. तिची गरज वेगळी. गळीत हंगाम संपला की पहिला वळीव येण्याआधी ती धुऊन, घासून रेड ऑक्साइड आणि वर साधा ऑइल पेंट मारावा, आणि पावसाळाभर पुढच्या बाजूला ठोकळा देऊन तिरकी उभी करावी, म्हणजे तळात पाणी साचत नाही.

अस्तर कुणीही केलेले असो, वर्षातून एकदा ते बघावे लागते. खंडेनवमीला गाडी आपण धुतोच, त्या वेळी हौदा रिकामा करून तळावर हात फिरवावा. उन्हाने काळा रंग करडा पडला असेल तर काळजी नको, ते वरवरचे असते. कुठे फोड लागला, चीर दिसली किंवा कडा उचललेली वाटली तर तेवढी जागा कापून काढावी, खालचा गंज घासावा आणि त्याच जातीचा माल भरावा. त्यासाठी पहिल्या कामातला अर्धा डबा राखून ठेवण्यात अर्थ नाही. एकदा उघडलेला डबा हवेतल्या ओलीने आतच घट्ट होतो. लहान डबा त्या वेळी नवा आणावा.